यंत्र, घर आणि ज्ञान

ज्ञानाची साधने युगानुयुगे बदलत आली आहेत. बोरू आणि दौत गेली, टाकही गेला. छापील पुस्तक घरोघर आले, मागाहून नभोवाणी आली, दूरचित्रवाणी आली, आणि आता तळहातावर मावेल एवढ्या मोबाईलमध्ये शेकडो ग्रंथालये येऊन बसली आहेत. प्रत्येक नव्या साधनाबरोबर समाजात दोन पक्ष उभे राहतात. एक पक्ष म्हणतो, ‘आता गुरूची गरज उरली नाही, यंत्रच सारे शिकवील.’ दुसरा पक्ष म्हणतो, ‘या यंत्राने पोरे वाया गेली; ते आधी घरातून बाहेर काढा.’ आपल्या कोहिनूर गावी आणि भोवतालच्या बिदर-कलबुर्गीच्या सीमेवरील गावांतही, पारावर बसा की लग्नाच्या मांडवात बसा, हे दोन्ही सूर कानांवर येतात.

प्रस्तुत लेखकाचे मत असे की, हे दोन्ही पक्ष एकाच ठिकाणी चुकतात. दोघांचीही दृष्टी यंत्रावर खिळलेली आहे. यंत्रासमोर कोण बसले आहे, त्याच्या शेजारी कोणी आहे की नाही, आणि पाहून झाल्यावर त्याविषयी कोणी कोणाशी बोलते की नाही, हा प्रश्न कोणीच विचारीत नाही. वास्तविक ज्ञानप्राप्तीचे मर्म याच प्रश्नात आहे. हे म्हणणे केवळ तर्काने मांडण्यापेक्षा एका मराठी संशोधकाच्या जीवनकार्याच्या आधारे मांडावे, हे अधिक बरे. कारण त्यांच्या सर्वांत मोठ्या प्रयोगाचे एक क्षेत्र आपल्या शेजारचाच जिल्हा होता.

त्या संशोधकाचे नाव डॉ. एकनाथ वसंत चिटणीस. त्यांचा जन्म 1925 साली कोल्हापूर येथे झाला. पदार्थविज्ञानाचे उच्च शिक्षण घेतल्यानंतर ते अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. विक्रम साराभाई यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. आकाशातून अहोरात्र पृथ्वीवर येणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे मोजमाप करणे, हा त्यांचा आरंभीचा विषय होता. पुढे काही वर्षे त्यांनी अमेरिकेतील एम.आय.टी. या विख्यात संस्थेत संशोधन केले. तेथेच राहून ते मानमरातब मिळवू शकले असते. परंतु साराभाईंनी देशात अंतराळसंशोधनाचे कार्य आरंभण्याचे योजिले होते, आणि त्या कार्यासाठी चिटणीस स्वदेशी परतले. केरळातील थुंबा या मच्छीमारांच्या गावाची निवड ज्यांच्या पाहणीतून झाली, त्यांत ते होते. तेथून 21 नोव्हेंबर 1963 रोजी भारताच्या भूमीवरून पहिला अग्निबाण आकाशात झेपावला. पुढे श्रीहरिकोटा येथील जागेच्या निवडीतही त्यांचा वाटा होता.

येथे कोणी विचारील की, अग्निबाण आणि विश्वकिरण यांचा खेड्यातील शिक्षणाशी काय संबंध? हाच प्रश्न त्या काळीही पुष्कळांनी विचारला होता. ज्या देशात खेड्यापाड्यांतून प्यावयास शुद्ध पाणी नाही, त्याने आकाशात अग्निबाण कशाला सोडावेत? साराभाईंचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे उत्तर असे होते की, श्रीमंत राष्ट्रांशी चंद्रावर पोचण्याची शर्यत लावण्यासाठी हे कार्य नाही. देशातील खऱ्या माणसांचे खरे प्रश्न सोडविण्यासाठी आहे. रस्ते आणि तारा पोचावयास अनेक दशके लागतील. उपग्रह मात्र एकाच वेळी सगळ्या देशावर आपली छाया धरू शकतो. मग शिक्षणासाठी त्याचाच उपयोग का करू नये? हा विचार एकदम उपग्रहापर्यंत पोचला नव्हता. 26 जानेवारी 1967 रोजी दिल्लीच्या परिसरातील 80 खेड्यांत सार्वजनिक दूरचित्रवाणी संच ठेवून ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम सुरू करण्यात आला होता. तो या मोठ्या विचाराची पहिली पायरी होय. साराभाई मात्र पुढचा प्रयोग पाहावयास राहिले नाहीत. 30 डिसेंबर 1971 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी मनात योजिलेले कार्य प्रत्यक्षात उतरविण्याचा भार ज्यांच्यावर आला, त्यांत डॉ. चिटणीस प्रमुख होते.

तो प्रयोग म्हणजे उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग. ‘साईट’ या छोट्या नावाने तो सर्वत्र ओळखला जातो. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असे बरोबर एक वर्ष तो चालला. उपग्रह अमेरिकेचा होता. त्याचे नाव ए.टी.एस.-6. तो वर्षापुरता उसना मिळाला होता. कार्यक्रम, भूकेंद्रे, खेड्यांतील संच आणि त्यांची देखभाल हे सारे भारताचे होते. सहा राज्यांच्या 20 जिल्ह्यांतील सुमारे 2400 खेडी या प्रयोगासाठी निवडण्यात आली. निवड करताना सधन आणि सोयीची गावे शोधली नाहीत. मागासलेले आणि उपेक्षित भाग मुद्दाम घेतले. आपल्या कर्नाटकातून विजापूर, रायचूर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, हे तीन जिल्हे निवडले गेले. बिदर जिल्हा त्या यादीत नव्हता. परंतु आपल्या सीमेपलीकडच्या गावांत, मुंबई-पुण्यातील लाखो घरांत दूरचित्रवाणी पोचण्यापूर्वीच, थेट आकाशातून चित्रे उतरू लागली होती, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

या प्रयोगाची रचना समजून घेण्याजोगी आहे. अहमदाबादच्या भूकेंद्रावरून कार्यक्रम सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडे पाठविला जाई. उपग्रह तो पुन्हा पृथ्वीकडे परतवी. आणि खेड्यातील शाळेच्या किंवा चावडीच्या छपरावर अथवा अंगणात बसविलेला अँटेना तो झेलून घेई. हा अँटेना म्हणजे सुमारे 10 फूट व्यासाची तारेच्या जाळीची एक मोठी परात. खुराड्याला लावतात तसलीच ती साधी जाळी. स्वस्त, हलकी, आणि खेड्यातील माणसालाही हाताळता येईल अशी. जेथे वीज नव्हती, तेथील काही संच बॅटरीवर चालविले जात. उपग्रहाच्या मार्गावर एका चित्राबरोबर दोन ध्वनी पाठविण्याची सोय होती. म्हणून एकच चित्र दोन भाषांतून ऐकविता येत असे. तेलुगू आणि कन्नड कार्यक्रमांची निर्मिती हैदराबादच्या केंद्रात होई. सकाळी सुमारे दीड तास शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी सुमारे अडीच तास थोरांसाठी, असा रोजचा क्रम होता. शेती, पशुपालन, आरोग्य, कुटुंबकल्याण असे सायंकाळचे विषय असत. त्या वर्षात याच मार्गाने जवळजवळ 50 हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञानविषयाचे प्रशिक्षण देण्यात आले, ही गोष्टही लहान नव्हे.

परंतु यंत्राच्या या थोरवीपेक्षाही मला या प्रयोगातील दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. चिटणीस आणि त्यांचे सहकारी हे मोजमाप करणारे शास्त्रज्ञ होते. यंत्र बसविले, चित्र दिसू लागले, म्हणजे आपले काम संपले, असे त्यांनी मानले नाही. पाहणाऱ्यांच्या मनात काय उतरते, हे शोधण्यासाठी समाजशास्त्राचे अभ्यासक या कार्यात सहभागी करून घेतले. काही अभ्यासक तर निवडक खेड्यांत वर्षाहून अधिक काळ बिऱ्हाड करून राहिले. संच बसण्यापूर्वीचे गाव, संच चालू असतानाचे गाव आणि प्रयोग संपल्यानंतरचे गाव, अशा तिन्ही अवस्थांची त्यांनी नोंद केली. पहिल्या दिवसांत नवलाईची प्रचंड गर्दी होई. पुढे ती ओसरली, आणि जे नेमाने येत राहिले त्यांत मुलांची संख्या मोठी होती. ज्यांना वाचता येत नव्हते अशांनाही, वर्तमानपत्र ज्यांच्या घरी कधी आले नव्हते अशांनाही, आरोग्यासारख्या विषयांत नवे काही कळले. अक्षरओळख नसणे म्हणजे बुद्धी नसणे नव्हे, हे या प्रयोगाने पुन्हा एकदा दाखवून दिले.

येथेच एक सूक्ष्म मुद्दा लक्षात घ्यावयास हवा. त्या वर्षी प्रत्येक गावाला संच होता एकच. त्यामुळे पाहणे ही एकट्याची गोष्ट असूच शकत नव्हती. म्हातारा, तरुण, माहेरवाशीण, शाळकरी पोर असे सारे एका अंगणात बसत. कोणी मध्येच शंका काढी, कोणी ती फेडी, कोणी ‘हे आपल्याकडे चालायचे नाही’ म्हणून मान हलवी. अर्थात जातीपातीचे आणि स्त्रीपुरुषांचे अंतर त्या अंगणातही होतेच. ते एका वर्षात कसे पुसले जाणार? तथापि साधनांच्या कमतरतेने माणसांना एकत्र बसविले होते, एवढे मात्र खरे. 31 जुलै 1976 रोजी उपग्रहाची मुदत संपली. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1977 मध्ये, गुलबर्गा येथे जमिनीवरचे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले. आणि कालांतराने घरोघर संच आले.

एकत्र बसून ऐकण्याने काय साधते, याचा याहूनही स्पष्ट पुरावा महाराष्ट्रात वीस वर्षे आधीच मिळाला होता. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे 150 खेड्यांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. मंडळातील लोक कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे लिहून पाठवीत. या पद्धतीचा मूळ नमुना कॅनडातील होता. तेथील शेतकऱ्यांच्या नभोवाणी मंडळांचे ब्रीद ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ असे होते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी पुण्याच्या प्रयोगाची परीक्षा केली. त्यांनी ज्या गावांत मंडळे होती ती गावे तपासली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तीही तपासली. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या ज्ञानात मोठी भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती नाममात्रच पडली. यंत्र तेच, आवाज तोच, विषयही तेच. फरक होता तो ऐकून झाल्यावर एकमेकांशी बोलणाऱ्या माणसांचा.

आपल्या भूमीला हे तत्त्व नवीन नाही. बाराव्या शतकात याच कल्याणनगरीत महात्मा बसवेश्वरांच्या भोवती शरणमंडळी जमत असत. अल्लमप्रभू अध्यक्षस्थानी, आणि समोर चर्मकार हरळय्या, नावाडी चौडय्या, अक्कमहादेवी अशी निरनिराळ्या व्यवसायांची आणि थरांची माणसे. तेथे ज्ञान ग्रंथातून वाहून आणून कोणाच्या ओंजळीत ओतले जात नव्हते. ते अनुभवाच्या देवघेवीतून उपजत होते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी चातुर्मासात पोथी लागे, तेव्हा वाचणारा एक आणि ऐकणारे घरभर असत. मध्येच पोथी थांबवून अर्थ विचारला जाई. घरात साक्षर माणूस एकच असला तरी त्याच्या अक्षराचा लाभ साऱ्या घराला होई. आजच्या पारिभाषिक शब्दांत यालाच कौटुंबिक शिक्षण म्हणावे लागेल.

आता आजच्या स्थितीकडे वळू. एका गावाला एक संच होता, तेथे आता एका घरात दोन-तीन पडदे झाले आहेत. साधन वाढले, आणि साधनाबरोबर एकांतही वाढला. 2020 साली महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा पुष्कळ पालकांनी पोटाला चिमटा घेऊन, कोणी कर्ज काढून, मुलांच्या शिक्षणासाठी मोबाईल घेतला. शाळा उघडल्या, मोबाईल मात्र मुलांच्या हाती तसाच राहिला. त्याचे पुढे काय झाले, हे ‘असर’ या पाहणीवरून कळते. 1995 मध्ये मुंबईत कार्य सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून ही पाहणी होत आहे. रसायनशास्त्राचे अध्यापन सोडून साक्षरतेच्या कार्यास वाहून घेतलेले डॉ. माधव चव्हाण हे ‘प्रथम’चे एक संस्थापक होत. या पाहणीचे वैशिष्ट्य असे की, ती शाळेत जाऊन होत नाही. स्वयंसेवक घरी जातात आणि आईबापांच्या देखत मुलाला चार ओळी वाचावयास देतात. मूल शाळेत जाते म्हणजे ते शिकते, असे मानणाऱ्या कित्येक मातापित्यांना आपले मूल वाचू शकत नाही, हे त्या क्षणी प्रथमच कळते. शिक्षणाचा हिशेब घराच्या उंबरठ्याच्या आत मांडण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

2024 सालच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील 14 ते 16 वर्षांच्या मुलामुलींना मोबाईलविषयी विचारण्यात आले. शंभरातील 82 जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी मागील आठवड्यात अभ्यासाच्या कोणत्या तरी कामासाठी तो वापरणारे 57 टक्के होते. समाजमाध्यमांसाठी वापरणारे 76 टक्के होते. आणखी एक आकडा सहज दृष्टीआड होतो. ज्यांना फोन वापरता येतो, त्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे शंभरात 36, तर मुली केवळ 27. म्हणजे जे साधन आपण ज्ञानाचे म्हणून घरात आणले, ते प्रथम मुलाच्या हाती जाते. बहीण मात्र भावाने खाली ठेवण्याची वाट पाहते. घर हीच पहिली पाठशाळा असेल, तर त्या पाठशाळेतील हा अन्याय दूर करण्यासाठी कोणत्या सरकारी आज्ञेची वाट पाहावयाची?

यावर एक उपाय सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने योजिला. 15 ऑगस्ट 2022 पासून त्या गावी रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की दूरचित्रवाणी आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करावयाचा आणि थोरांनी एकमेकांशी बोलावयाचे, असा ग्रामस्थांचा ठराव. एका गावाने एकदिलाने असा नियम स्वतःवर घालून घ्यावा, ही गोष्ट निःसंशय अभिनंदनीय आहे. मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणावयाचे आणि आपण मालिका पाहत बसावयाचे, हा घरोघरीचा दुटप्पीपणा त्या भोंग्याने निदान दीड तास तरी थांबविला.

तथापि माझे मत थोडे पुढचे आहे. भोंगा वेळ रिकामा करून देतो. रिकाम्या वेळात काय भरावयाचे, हे तो सांगू शकत नाही. पडदा बंद करणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम म्हणजे पडदा चालू असताना मुलाच्या शेजारी बसणे. अमेरिकेत 1969 साली ‘सेसमी स्ट्रीट’ हा लहान मुलांचा सुप्रसिद्ध कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा निर्मात्यांनी त्यात थोरांना हसू येईल असे विनोद आणि थोरांच्या ओळखीचे कलावंत मुद्दाम घातले. हेतू हा की, आईबापांनाही मुलांजवळ बसावेसे वाटावे; कारण मोठे माणूस जवळ असले म्हणजे मूल अधिक शिकते. त्या कार्यक्रमाच्या संस्थापिकेच्या नावाने चालणाऱ्या न्यूयॉर्कमधील संशोधनकेंद्राने 2011 साली याच विषयावर अहवाल काढला. नव्या साधनांच्या काळातही एकत्र पाहणे, एकत्र खेळणे, एकत्र शोधणे हीच शिकण्याची गुरुकिल्ली आहे, असे त्याचे प्रतिपादन आहे. साधन बदलले, देश बदलला. निष्कर्ष मात्र पुण्याच्या श्रवणमंडळांच्या निष्कर्षाहून फारसा निराळा नाही.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात, आणि ते दोन्ही प्रामाणिक आहेत. म्हणून त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, ‘आम्ही शिकलेलो नाही, मुलाच्या शेजारी बसून आम्ही काय शिकविणार?’ याला उत्तर असे की, शेजारी बसणाऱ्याने शिकविलेच पाहिजे असे नाही. त्याने विचारले तरी पुरे. ‘हे काय दाखवितात? असे का होते? आपल्या रानातही असे होते का?’ एवढे तीन प्रश्न निरक्षर मातेलाही विचारता येतात. आणि जो दुसऱ्याला समजावून सांगतो, त्याचेच ज्ञान पक्के होते, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. शिवाय सर्वच ज्ञान पडद्यावर नसते. तुरीच्या पिकावर अळी केव्हा येते, ढग कोणत्या दिशेचा असला म्हणजे पाऊस पडतो, गाय आजारी आहे हे कशावरून ओळखावे, हे ज्या बापाला ठाऊक आहे, तो अडाणी कसा? मुलाने पडद्यावरचे सांगावे, बापाने रानातले सांगावे, दोघेही शिकतील.

दुसरा आक्षेप वेळेचा. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून आलेल्या, घरी येताच चुलीपाशी बसणाऱ्या आईने आणखी किती करावे? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. दमलेल्या माणसाने पोराच्या हाती फोन देऊन घटकाभर शांतता विकत घेतली, तर त्याला दोष देणे सोपे आहे. त्याचे कष्ट वाटून घेणे अवघड आहे. परंतु पुण्याच्या त्या प्रयोगात कार्यक्रम किती वेळाचा होता? अर्ध्या तासाचा, आणि तोही आठवड्यातून दोनदा. चर्चेचा वेळ धरला तरी आठवड्याचे दोन-अडीच तास. भाकरी थापता थापताही आईला ऐकता येते, आणि मुलाला चुलीजवळ बसून सांगता येते. जे आईबाप कामासाठी हैदराबादेस, पुण्यास किंवा मुंबईस गेले आहेत आणि ज्यांची मुले आजीपाशी राहतात, त्यांच्या बाबतीत तर हाच मोबाईल खरा उपकारी ठरतो. ‘जेवलास का’ यानंतर ‘आज काय शिकलास’ हाही प्रश्न त्यावरून विचारता येतो.

आपल्या सीमाभागाला या बाबतीत एक अडचण आहे, आणि तीच आपली संपत्तीही आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि हैदराबाद राज्यातील बिदर जिल्ह्याचा आपला भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आला. तेव्हापासून आपल्या मुलांना घरी मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात हिंदी-उर्दू आणि पडद्यावर इंग्रजी अशा भाषांच्या चौरस्त्यावर उभे राहावे लागते. साईटचा कार्यक्रम या भागात कन्नडमधून होई. आजही मोबाईलवरील पुष्कळसे शैक्षणिक साहित्य आपल्या घरच्या बोलीत नसते. पडद्यावरचे ज्ञान परक्या भाषेत राहिले आणि घरात त्याविषयी कोणी बोलले नाही, तर ते मुलाच्या डोक्यावरून पालथ्या घड्यावरच्या पाण्यासारखे वाहून जाते. उलट, कन्नडमधून किंवा इंग्रजीतून पाहिलेली गोष्ट मुलाने रात्री आजीला मराठीतून सांगितली, तर एकाच वेळी तीन लाभ होतात. विषय पक्का होतो, दोन्ही भाषा पक्क्या होतात, आणि आजीही जगाच्या गोष्टींत सामील होते. कन्नड ही आपल्या राज्याची भाषा. ती उत्तम आली पाहिजे. मराठी ही आपल्या घराची भाषा. ती घरातच मुकी झाली, तर बाहेर तिचा कितीही जयजयकार केला तरी व्यर्थ आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला माझे सांगणे थोडे आहे. मोबाईल टाकून द्या, असे मी म्हणत नाही. त्याच्याशी एकटे राहू नका, असे म्हणतो. रोज पाहिलेल्यांपैकी एक गोष्ट तरी घरातील थोरांना आपल्या भाषेत सांगा. सांगता आली नाही, तर ती आपल्याला कळली नाही असे समजा आणि पुन्हा पाहा. बहिणीला फोन मागावा लागू नये, अशी पाळी ठरवा. पालकांना विनंती अशी की, मुलाच्या हातातील पडदा हिसकावून घेण्यापूर्वी एकदा त्याच्या शेजारी बसून पाहा. तो काय पाहतो हे न पाहताच रागावणाऱ्याचा धाक मुलाला वाटतो, पण त्याचे म्हणणे मुलाला पटत नाही. आणि शाळांनी आठवड्यातून एखादा पाठ असा द्यावा, की जो मुलाला घरातील माणसांशी बोलल्यावाचून पुरा करताच येणार नाही.

डॉ. चिटणीस 1981 ते 1985 या काळात अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक होते. 1985 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. निवृत्तीनंतर त्यांनी पुणे विद्यापीठात संज्ञापनाच्या विद्यार्थ्यांना शिकविले. ऑक्टोबर 2025 मध्ये, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून, त्यांनी पुण्यात देह ठेवला. विश्वकिरण मोजणाऱ्या या शास्त्रज्ञाचे जीवनकार्य खेड्यातील अंगणात येऊन पोचले, यातच त्यांची थोरवी आहे. तुमच्यापैकी पुष्कळांना अभियंता व्हावयाचे आहे, यंत्रे घडवावयाची आहेत, अवश्य घडवा. परंतु यंत्र आणि माणूस यांच्यामधील जागा आजही ओस पडलेली आहे. तेथे काम करणारे, लोकांच्या घरी बसून त्यांना काय कळले हे नम्रपणे विचारणारे, त्यांच्या भाषेत साधने घडविणारे संशोधक या देशाला हवे आहेत. आणि ज्याने चार भाषांच्या चौरस्त्यावर बालपण काढले आहे, त्याच्यापेक्षा या कामाला अधिक लायक कोण?

यंत्रे येतील आणि जातील. उसना आणलेला उपग्रह एका वर्षात गेला. आज हाती असलेला मोबाईलही उद्या जुना होईल. माणसाला माणसाने शिकविण्याची रीत मात्र आपणच सोडली, तर ती परत आणून देणारे यंत्र कोठेही मिळणार नाही. ती रीत आपल्या घरात जिवंत ठेवणे, हे आपल्या हाती आहे.